स्मरणाची मुदत

सरकारी कचेरीत काम करणाऱ्या माणसाला विस्मरणाचेही नियम पाठ करावे लागतात. कोणता कागद किती वर्षे राखावयाचा आणि कोणता केव्हा नष्ट करावयाचा, हे आम्हांला कार्यपद्धतीच्या पुस्तकाने ठरवून दिले आहे. त्यासाठी फायलींचे तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गातील फाइल जपून ठेवावयाची व तिचे सूक्ष्मचित्रणही करून घ्यावयाचे. दुसऱ्या वर्गातील नुसती जपून ठेवावयाची. आणि तिसऱ्या वर्गातील फाइल नेमलेल्या मुदतीपुरती, फार तर दहा वर्षे, सांभाळून मग काढून टाकावयाची. गेल्या हिवाळ्यात आमच्या रायपूरच्या कार्यालयातील जुन्या फायलींच्या छाननीचे काम माझ्या वाट्याला आले. दोन महिने मी रोज कपाटांतील गठ्ठे सोडीत होतो आणि कोणाचे रजेचे अर्ज, कोणाच्या बदलीच्या विनवण्या, कोणाच्या प्रवासभत्त्याचे हिशेब वाचून त्यांवर नष्ट करण्याची शिफारस लिहीत होतो. ती लिहिताना माझा हात फारसा अडखळला, असे मला आठवत नाही.

नेमक्या याच दोन महिन्यांतील रविवारी मी घराच्या गच्चीवर बसून, एक छायाचित्र शेकडो वर्षे टिकेल अशा रीतीने कसे छापावे, ते शिकत होतो. छायाचित्र माझ्या वडिलांचे. आठवड्याचे पाच दिवस दुसऱ्यांच्या आठवणी मोडीत काढणारा मी सुटीच्या दिवशी आपल्या घरची आठवण धातूत उतरवावयास निघालो होतो, ही विसंगती माझ्या ध्यानातही आली नव्हती. ती आईने आणून दिली; आणि तेव्हापासून जो प्रश्न मनात ठाण मांडून बसला आहे, तोच येथे मांडावयाचा आहे. स्मरणाला मुदत असावी की नसावी?

वडील जाऊन सहा वर्षे झाली. त्यांचे फोटो पुष्कळ आहेत, पण त्यांच्यासारखा वाटावा असा एकच. १९९६ साली आर्वीस एका लग्नघरी, मांडवाच्या खांबाला टेकून ते कोणाशी तरी बोलत असताना तो काढलेला आहे. तो रंगीत आहे आणि हेच त्याचे दुर्दैव. रंगीत छायाचित्रातील रंग सेंद्रिय असतात, ते कालांतराने विटतात, आणि सगळे सारख्या गतीने विटत नाहीत. निळसर छटा आधी गेली, तांबूस मागे राहिली, आणि वडिलांचा चेहरा वर्षागणिक शेंदरी होत चालला. 'संगणकात घेऊन ठेवा, म्हणजे झाले,' असे कचेरीतील मित्र म्हणाले. तेही करून ठेवले. परंतु माझ्या फोनमध्ये आज हजारो छायाचित्रे आहेत, आणि त्यांतून वडिलांचे ते एक शोधून काढावयास मला परवा अर्धा तास लागला. जे एवढ्या गर्दीत ठेवावयाचे, ते ठेवले असे म्हणावे की टाकले?

अशा वेळी येथील एका हौशी छायाचित्रकार स्नेह्यांनी प्लॅटिनम आणि पॅलेडियम या धातूंत छायाचित्र छापण्याच्या जुन्या रीतीची ओळख करून दिली. इंग्लंडमधील विल्यम विलिस यांनी १८७३ साली या रीतीचे पहिले पेटंट घेतले आणि १८७९ मध्ये त्यासाठी कंपनी स्थापन केली. नेहमीच्या कृष्णधवल छायाचित्रात प्रतिमा चांदीची असते, आणि चांदी हवेतील गंधकाने काळवंडते, हे आपल्या घरच्या निरांजनावरूनही आपणांस ठाऊक आहे. प्लॅटिनम गंजत नाही, विटत नाही. त्याची प्रतिमा कागदाच्या तंतूंतच बसलेली असते. म्हणून कागद जितका टिकेल तितके चित्र टिकेल, असे जाणकार सांगतात. मुंबईचे शापूर भेडवार १८९० च्या सुमारास या रीतीने छायाचित्रे छापीत होते. पुढे पहिले महायुद्ध आले. स्फोटकांना लागणारे नत्राम्ल तयार करण्याच्या कामी प्लॅटिनमची गरज पडू लागली, रशियातून होणारा पुरवठा आटला, भाव चढले, आणि १९१६ साली अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने आपला प्लॅटिनमचा कागद बंद केला. माणसांचे चेहरे टिकविणारा धातू माणसे मारण्याच्या उद्योगाला अधिक मोलाचा ठरला. तेव्हा त्याचाच सोयरा असलेला पॅलेडियम छायाचित्रकारांच्या उपयोगी आला. नवशिक्याने आजही पॅलेडियमपासूनच आरंभ करावा, असे सांगतात. कारण तो चुका जरा अधिक सोसतो आणि त्याचा रंगही उबदार, तपकिरी येतो.

रीत अशी. वडिलांचे चित्र संगणकावर कृष्णधवल करून त्याची निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापून घेतली. चित्र हवे तेवढीच निगेटिव्ह मोठी असावी लागते, कारण ती कागदाला भिडवून ठेवावयाची असते. येथे मागाहून चित्र मोठे करण्याची सोय नाही. मग मंद दिव्याच्या उजेडात फेरिक ऑक्झलेटच्या द्रावणाचे सहा थेंब आणि पॅलेडियमच्या द्रावणाचे सहा थेंब एकत्र करून सुती कागदावर ब्रशाने सारवावयाचे. कागद वाळला की त्यावर निगेटिव्ह ठेवून, वर काच दाबून, तो उन्हात धरावयाचा. पाच-सहा मिनिटांत फिकट, भुरकट अशी खूण दिसू लागते. मग आत आणून त्यावर पोटॅशियम ऑक्झलेटचे द्रावण एका झपाट्यात ओतले, की क्षणार्धात संपूर्ण चित्र उभे राहते.

या रीतीतील एक गोष्ट मला विशेष वाटली. उन्हाचा परिणाम होतो तो धातूवर नव्हे, लोहावर. उन्हाने लोहाचे स्वरूप पालटते. ते लोह द्रावणात विरघळताना शेजारच्या पॅलेडियमच्या क्षाराला धातूचे रूप देते, आणि त्याचे काम तेथेच संपते. पुढे सायट्रिक आम्लाच्या पाण्यात कागद तीनदा धुऊन उरलेसुरले लोह काढून टाकावे लागते. ते राहिले तर पांढरा भाग पिवळा पडून चित्र बिघडते. जे घडविते त्याने राहावयाचे नाही, असा येथील नियम आहे. कारकुनाला हा नियम समजावयास कठीण जात नाही.

यश मात्र लवकर आले नाही. एक ग्रॅम पॅलेडियम क्लोराइडसाठी मी जी रक्कम मोजली, तीत घरचा महिन्याचा किराणा सहज आला असता. एवढ्यात लहान आकाराच्या तीस-पस्तीस प्रती निघतात, असे पत्नीला सांगितले तेव्हा ती म्हणाली, 'अहो, म्हणजे एक बिघडली तर एका दिवसाची भाजी गेली असे समजायचे ना?' पहिल्या सात-आठ दिवसांची भाजी अशीच गेली. मी घेतलेल्या कागदात तो दीर्घकाळ टिकावा म्हणून खडू मिसळलेला होता, आणि तोच खडू या रसायनाला बाधत होता. टिकावू कागदावर टिकावू चित्र उमटेना. शेवटी कागद आधी सौम्य आम्लात बुडवून घ्यावा लागला. हिवाळ्यातील कोरड्या हवेने कागद फार सुकला की चित्र दुबळे आणि दाणेदार येई; मग तो ऊन पाण्याच्या परातीवर धरून किंचित दमट करावयाचा. ऑक्झलेट विषारी, म्हणून ती परात आणि ते ब्रश स्वयंपाकघरापासून दूर, गच्चीवरील खोलीत, कुलपात ठेवले. ज्या रविवारी पहिली बरी प्रत निघाली, त्या दिवशी ती दोरीला अडकवून मी आईला हाक मारली.

आईने ती बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाली, 'छान आला आहे. पण अरे, ह्यांनी काय सांगून ठेवले होते, ते विसरलास का?'

मी विसरलो नव्हतो. आठवण बाजूस सारली होती, असे म्हणणे अधिक खरे. वडिलांनी अखेरच्या आजारात दोन गोष्टी बजावल्या होत्या. आपला फोटो भिंतीवर लावू नये आणि त्याला हार घालू नये. डाकखात्यात आयुष्य घालविलेल्या त्या मितभाषी माणसाने याचे कारणही सांगितले होते. आर्वीच्या घरी ओसरीवर आजोबांचे मोठे छायाचित्र टांगलेले असे. लहानपणी काही चुकले की 'वर बघ, आजोबा बघताहेत' असे त्यांना सांगितले जाई. 'मी चाळिशीला आलो, तरी त्या फोटोखालून जाताना सदऱ्याची वरची गुंडी लावीत असे,' असे ते म्हणाले होते. 'माझ्यामागे तुम्हां कोणाला गुंडी लावावी लागू नये.'

येथे प्रश्न खरोखर अवघड होतो. कोणी विनयाने 'माझी आठवण कशाला ठेवता' म्हणाला असता, तर ते बोलणे आपण मनावर घेतले नसते. सभ्य माणसे असे म्हणतच असतात. परंतु वडिलांचा आक्षेप विनयाचा नव्हता. मृताच्या प्रतिमेचा जिवंतांवर अंमल चालतो, आणि तो अंमल त्यांनी स्वतः भोगला होता. अशा माणसाची प्रतिमा मी सामान्य कागदावर काढली असती, तर काळाने तिचा बंदोबस्त केला असता. मी मात्र अशा धातूची निवड केली होती, की जो माझ्या नातवंडांच्या नातवंडांवरही नजर ठेवू शकेल. कृतज्ञतेच्या पोटी मी वडिलांना, त्यांना नको असलेल्या अधिकारावर कायमचे नेमीत होतो.

स्मरणाला मुदत घालणे म्हणजे कृतघ्नपणा, असे आपणांस सहज वाटते. परंतु आपल्याच परंपरेने ती घातलेली आहे. श्राद्धात पिंड दिले जातात ते तीन पिढ्यांना. पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. त्यापलीकडील पितरांना पिंड नाही. हाताला चिकटलेल्या अन्नाचा लेप तेवढा त्यांचा वाटा. घरातील नव्या मृताचे सपिंडीकरण झाले, की वरची एक पिढी त्या तिघांतून बाहेर पडते. कर्मकांडावर माझी फारशी श्रद्धा नाही; तथापि या नियमात मला मोठे शहाणपण दिसते. ज्याने पणजोबांना पाहिले आहे असा माणूस घरात क्वचित असतो. खापरपणजोबांना पाहिलेला कोणीच नसतो. जेथे ओळख संपली, तेथे मागणेही संपावे, असे त्या नियमाने सुचविले आहे. आमच्या कार्यपद्धतीचे पुस्तकही याहून वेगळे काय सांगते? कायम ठेवावयाच्या म्हणून ठरविलेल्या फायलीसुद्धा पंचविसाव्या वर्षी पुन्हा उघडून पाहावयाच्या आणि त्या तशाच ठेवाव्यात की नाही, ते नव्याने ठरवावयाचे, असा तेथे नियम आहे.

मग ती प्रत फाडून टाकावी काय? त्या आठवड्यात मी जवळजवळ त्या निर्णयापर्यंत आलो होतो. मला थांबविले ते येथील संग्रहालयातील एका लाकडाच्या खांबाने.

रायपूरला आलेल्या मराठी माणसाने महंत घासीदास स्मारक संग्रहालय अवश्य पाहावे. राजनांदगावचे संस्थानिक महंत घासीदास यांनी १८७५ मध्ये त्याची स्थापना केली, आणि आजच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. तेथे किरारी गावचा काष्ठस्तंभ आहे. १९२१ साली, त्या वेळच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी येथील हिराबांध तलावाचे पाणी आटले असताना गाळात हा खांब सापडला. त्यावर ब्राह्मी लिपीतील लेख होता. अभ्यासक तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील मानतात. सुमारे अठराशे वर्षे चिखलाने व पाण्याने जे जपले, ते बाहेर काढताच उन्हाने खाल्ले. लाकूड वाळले, त्याचे पापुद्रे सुटले आणि त्यांबरोबर अक्षरे गळून पडली. परंतु ती जाण्यापूर्वी लक्ष्मीप्रसाद उपाध्याय नावाच्या तेथील एका पंडितांनी, अक्षरे जशी दिसली तशी कागदावर उतरवून घेतली होती. पुढे विद्वानांनी लेखाचा अर्थ लावला, तो मुख्यतः त्या नकलेवरून.

आणि त्या लेखात काय असावे? राजाची स्तुती नव्हे, देवाची प्रार्थना नव्हे. त्यात आहेत अधिकाऱ्यांची पदे, आणि काहींची नावेही. नगररक्षी, सेनापती, प्रतिहार, गणक, भांडागारिक, लेखहारक. म्हणजे आजच्या भाषेत पोलीस, सेना, हिशेबखाते, कोठार आणि टपाल. अठराशे वर्षांपूर्वीच्या एका कचेरीची ती जणू हजेरीपट्टी आहे. त्या काचेपुढे उभा असताना मला कोणाच्याही नजरेचा धाक वाटला नाही. तो गणक मला काही बजावीत नव्हता, काही मागत नव्हता. आपण होतो आणि आपल्याकडे अमुक काम होते, एवढेच सांगत होता. आणि लेखहारकाच्या नावापाशी मला डाकखात्यातील एका माणसाची आठवण झाली, हे वेगळे सांगावयास नको.

तेथे मला माझ्या प्रश्नातील गोंधळ दिसला. स्मरण म्हणून आपण ज्याला एकच नाव देतो, त्यात दोन गोष्टी एकत्र झालेल्या असतात. एक हक्क आणि दुसरी साक्ष. भिंतीवरील आजोबा हक्क सांगत होते. काष्ठस्तंभावरील गणक साक्ष देत होता. मुदत असावी ती हक्काला. साक्षीला मुदत घालण्याचे कारण नाही. किंबहुना हक्क जसजसा संपत जातो, तसतशी साक्ष निर्मळ होत जाते. कायद्यालाही हे उमगलेले दिसते. एरवी कागद नष्ट करण्याच्या मुदती आम्हांला पाठ असतात. परंतु १९९३ च्या सार्वजनिक अभिलेख कायद्याने १८९२ पूर्वीच्या कागदांना वेगळेच संरक्षण दिले आहे. असा कागद उपयोगापलीकडे जीर्ण झाला आहे, असे राष्ट्रीय अभिलेखागाराच्या महानिदेशकांचे मत झाल्यावाचून तो नष्ट करता येत नाही. त्यातील अर्जदार नाही, वारस नाही, देणे-घेणे नाही. आणि म्हणूनच तो आता सर्वांचा झाला.

मात्र साक्षीला एक अट आहे. तिला नाव हवे. १८६८ ते १८७५ या काळात ब्रिटिश सरकारच्या आश्रयाने 'द पीपल ऑफ इंडिया' या नावाने आठ खंड प्रसिद्ध झाले. हिंदुस्थानातील नाना जातिजमातींच्या माणसांची छायाचित्रे त्यांत आहेत. चेहरे टिकले; परंतु बहुतेक ठिकाणी खाली लिहिलेले आहे ते जातीचे वा जमातीचे नाव, त्या माणसाचे नव्हे. ती साक्ष त्या माणसांची नाही, ती मोजणाऱ्याची आहे. आपल्या घरांतील जुन्या ट्रंकांतही अशीच छायाचित्रे निघतात, आणि 'हे कोण?' असे मुलाने विचारले की आपण गप्प बसतो. धातू कितीही अविनाशी असला, तरी तो नाव सांगू शकत नाही. ते काम त्या उपाध्यायांसारख्या कोणीतरी, वेळ असतानाच, हाताने करून ठेवावे लागते. नोकरीनिमित्त दर चार-पाच वर्षांनी गाव बदलणाऱ्या आपणांसारख्यांनी तर ते अधिकच मनावर घ्यावे. कारण आपल्या मागे 'हे अमक्यांचे वडील' म्हणून ओळखणारी आळीच उरत नाही.

मी प्रत फाडली नाही आणि भिंतीवरही लावली नाही. वडिलांनी भिंतीला मनाई केली होती, पेटीला नाही, असा युक्तिवाद मी मनाशी केला. हा युक्तिवाद पळवाटेचा आहे काय, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारले. नियमातील फट शोधण्याची सवय आमच्या धंद्यालाच जडलेली असते. याचे निर्णायक उत्तर मजजवळ नाही. एवढेच म्हणता येईल, की त्यांच्या शब्दांपेक्षा त्या शब्दांमागील भय मी अधिक मानले. आपल्यापुढे कोणी गुंडी लावू नये, हे त्यांचे मागणे होते. पेटीतील चित्राखालून कोणाला जावे लागत नाही. ज्याला पाहावेसे वाटेल त्याने ती उघडावी.

प्रतीच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीने मी लिहिले: वडिलांचे पूर्ण नाव, जन्म १९५१, आर्वी, डाकखाते, छायाचित्र १९९६ चे, प्रत पॅलेडियमची, रायपूर. आणि सवयीने खाली आणखी एक ओळ लिहिली गेली: 'पुनर्विचार पंचवीस वर्षांनी.' तो विचार तेव्हा माझी मुलगी करील. तिला ती प्रत ठेवावीशी वाटली तर ठेवील, नाही तर नदीत सोडील. तो अधिकार तिचा आहे, आणि तो तिच्याकडून काढून घेण्याचे बळ मी धातूला देऊ इच्छीत नाही.

कार्यालयातील छाननी अद्याप पुरती संपलेली नाही. हल्ली शिफारस लिहिण्यापूर्वी मी अर्जदाराचे नाव एकदा नीट वाचतो. त्याने नियमात काही फरक पडत नाही आणि कामही काही लांबत नाही.

पेटी बंद करण्यापूर्वी आईने प्रत पुन्हा मागून घेतली. मागचे सगळे वाचले, पुनर्विचाराच्या ओळीला किंचित हसली, आणि चित्र सुलट करून खिडकीच्या उजेडात धरले. 'बघितलेस का?' ती म्हणाली, 'ह्यांच्या सदऱ्याची वरची गुंडी उघडीच आहे.'